अल्झायमरमधील प्रथिन-तंतू आणि चमकणारे रंग: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातील रसायनशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानाचे पदव्युत्तर विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेली कुटुंबे यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगितली पाहिजे. तंतूंना चिकटून चमकणारे रंग वापरण्याच्या या पद्धतीत उपकरण रंगाचा प्रकाश मोजते आणि त्यावरून प्रथिनाचा अंदाज आपण बांधतो. बहुतेक शंका आणि बहुतेक चुकीचे निष्कर्ष या दोहोंतले अंतर विसरल्यामुळे निर्माण होतात.

१. अल्झायमरमध्ये मेंदूत जे तंतू सापडतात ते नेमके कशाचे असतात?

ते दोन वेगळ्या प्रथिनांचे असतात. १९०६ साली आलोइस अल्झायमर यांनी एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील ज्या दोन खुणांचे वर्णन केले, त्यांपैकी चेतापेशींच्या बाहेर साचणारे थर बीटा-अमायलॉइड या लहान प्रथिन-तुकड्याचे असतात आणि पेशींच्या आत दिसणारे गुंते टाऊ या प्रथिनाचे असतात. बीटा-अमायलॉइडची रासायनिक ओळख बरीच उशिरा, १९८४ मध्ये, ग्लेनर आणि वाँग यांच्या कामातून पटली. पेशीच्या पटलात असलेले एक मोठे प्रथिन दोन विकरांकडून (एन्झाइमांकडून) कापले गेले की हा तुकडा सुटतो. त्यात बहुधा ४० किंवा ४२ अमिनो आम्ले असतात आणि ४२चा तुकडा अधिक लवकर गोळा होतो.

तंतूची रचना समजून घेण्यासाठी दुकानात घडी घालून एकावर एक रचलेल्या चादरींचा ढीग डोळ्यांसमोर आणावा. प्रत्येक रेणू एका पातळीत घडी घालून बसतो, पुढचा रेणू तशीच घडी घालून त्याच्यावर बसतो आणि ढीग लांबत जातो. दोन थरांतले अंतर सुमारे ०.४७ नॅनोमीटर असते. या ढिगाच्या बाजूंवर लांबच लांब खाचा तयार होतात. पुढची जवळजवळ सर्व उत्तरे या खाचांभोवती फिरतात.

२. प्रोब म्हणजे काय, आणि तो तंतूला चिकटल्यावरच का चमकतो?

प्रोब म्हणजे असा रंग, जो ठरावीक रचनेला चिकटल्यावर आपला प्रकाश बदलतो. सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रोब थायोफ्लेविन टी हा आहे. व्हॅसर आणि कलिंग यांनी १९५९ मध्ये तो अमायलॉइड, म्हणजे अशा रचनेचे साचलेले प्रथिन-तंतू, ओळखण्यासाठी वापरला. त्याच्या रेणूचे दोन भाग एका साध्या बंधाने जोडलेले असतात आणि पाण्यात ते या बंधाभोवती मोकळेपणाने फिरतात. प्रकाश शोषून मिळालेली ऊर्जा या फिरण्यातच खर्च होते, म्हणून सुटा रंग जवळजवळ अंधारा राहतो. तंतूच्या खाचेत अडकल्यावर फिरणे थांबते आणि ऊर्जेला प्रकाशाच्या रूपात बाहेर पडण्याचा मार्ग उरतो. यालाच प्रतिदीप्ती किंवा फ्लुरोसन्स म्हणतात.

मोजणी करताना साधारण ४४० ते ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकून ४८२ नॅनोमीटरच्या आसपास बाहेर पडणारा प्रकाश पाहतात. अनुकूल स्थितीत चमक शेकडो पटींनी वाढते, म्हणून उरलेला सुटा रंग धुऊन न काढताही मोजता येते. या पद्धतीची लोकप्रियता बहुतांशी या सोयीमुळेच आहे.

३. काँगो रेड हा तर सुताचा रंग आहे. तो मेंदूच्या अभ्यासात कसा आला?

हा प्रश्न सोलापुरातूनच यावा हे साहजिक आहे, कारण येथील अनेक घरांत रंगाई आणि विणकाम पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. काँगो रेड १८८४च्या सुमारास जर्मनीत बाजारात आला आणि फिटकरीसारख्या रंगबंधकाशिवाय सुताला थेट धरणारा पहिला कृत्रिम रंग म्हणून गाजला. त्याचा रेणू लांब आणि चपटा असल्याने तो कापसातील सेल्युलोजच्या लांब साखळ्यांना समांतर बसतो. अमायलॉइड तंतूंच्या खाचाही अशाच लांब आणि नियमित असतात. १९२२ मध्ये बेनहोल्ड यांनी अमायलॉइड साचलेल्या ऊतीत हा रंग धरला जातो असे दाखवले आणि १९२७ मध्ये दिव्री यांनी ध्रुवित प्रकाशात त्याची सफरचंदी हिरवी झाक नोंदवली. विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळांत अमायलॉइडची ही खूण आजही प्रमाण मानली जाते. थायोफ्लेविन टी हाही मुळात कापडाचाच पिवळा रंग आहे.

येथे एक सूचना गांभीर्याने घ्यावी. काँगो रेड बेंझिडीनपासून बनतो आणि बेंझिडीन मूत्राशयाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते. म्हणून असे रंग हाताळण्यावर भारतात १९९०च्या दशकात बंदी आली. रंगाच्या दुकानातील जुन्या डब्यातला काँगो रेड प्रयोगासाठी कधीही वापरू नये, कारण तो घातक तर आहेच, शिवाय त्यात मीठ आणि इतर रंग मिसळलेले असतात. प्रयोगशाळेच्या दर्जाचे रसायन घ्यावे, ते हातमोजे घालून हाताळावे आणि उरलेले द्रावण मोरीत ओतू नये.

४. थायोफ्लेविन टी आणि थायोफ्लेविन एस एकच आहेत का?

नाहीत. टी हा एकच निश्चित रेणू आहे, तर एस हे अनेक रेणूंचे मिश्रण आहे. एस मेंदूच्या कापांवर सुंदर रंग देतो, परंतु पार्श्वभूमीही उजळवतो, म्हणून द्रावणातील मोजमापासाठी तो घेऊ नये.

५. आमच्या महाविद्यालयाला बीटा-अमायलॉइड परवडत नाही आणि फ्लुरोमीटर (प्रतिदीप्ती मोजणारे उपकरण) हेही नाही. तरी प्रकल्प करता येईल का?

करता येईल, आणि तो दुय्यम दर्जाचा ठरणार नाही. तंतू बनण्याची प्रक्रिया शिकण्यासाठी कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइम हे प्रथिन उत्तम आहे. त्याचे द्रावण पीएच २ला, म्हणजे तीव्र आम्लात, आणून ६० ते ६५ अंश सेल्सिअसवर ढवळत ठेवल्यास तासांत किंवा दिवसांत तंतू तयार होतात; ढवळणे आणि प्रथिनाची तीव्रता यांनुसार वेळ बदलतो. इन्सुलिनही आम्लात आणि उष्णतेत असेच वागते. मात्र औषध दुकानातील कुपीत जस्त आणि मेटाक्रेसॉल असते, म्हणून प्रयोगासाठी शुद्ध भुकटी घ्यावी.

मोजमाप करताना आम्लातील नमुन्यातच थायोफ्लेविन घालू नये (कारण प्रश्न १० मध्ये आहे). नमुन्याचा थोडासा भाग उदासीन बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), ज्यात १० ते २० मायक्रोमोलर थायोफ्लेविन आहे, मिसळून लगेच वाचन घ्यावे. फ्लुरोमीटर नसेल तर काँगो रेडची मदत होते: तंतूंना चिकटल्यावर त्याचे शोषण सुमारे ४९० नॅनोमीटरकडून ५४०च्या दिशेने सरकते, आणि हे बहुतेक महाविद्यालयांत असलेल्या यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर दिसते. लायसोझाइमवर केलेल्या कामाला ‘अल्झायमरवरील संशोधन’ असे शीर्षक मात्र देऊ नये. ते अमायलॉइडच्या सामान्य गुणधर्मांवरील काम आहे आणि तेवढे म्हणणे पुरेसे सन्मानाचे आहे.

६. वेळेनुसार काढलेला चमकीचा आलेख सुरुवातीला बराच वेळ सपाट राहतो. त्या काळात नळीत काहीच घडत नसते का?

बरेच काही घडत असते. सुट्या रेणूंना एकत्र येऊन पहिले बीज बनवणे अवघड जाते. बीज बनले की त्याच्या टोकांना नवे रेणू भराभर जोडले जातात. बीटा-अमायलॉइडच्या बाबतीत २०१३ साली असे दाखवले गेले की तयार झालेल्या तंतूंच्या पृष्ठभागावरच नवी बीजे सर्वाधिक निर्माण होतात, म्हणजे थोडे तंतू झाले की त्यांची संख्या आपोआप वाढू लागते. सपाट भागातही बीजे आणि लहान तंतू असतात. त्यांची एकूण चमक उपकरणाला जाणवण्याइतकी नसते, एवढेच. याची पडताळणी सोपी आहे. आधी तयार केलेल्या तंतूंचे ध्वनिलहरींनी तुकडे करून ते नव्या द्रावणात थोडेसे घालावेत. सपाट भाग आखूड होतो किंवा नाहीसाच होतो.

७. एकाच नमुन्याच्या तीन वेलमध्ये (प्लेटवरील छोट्या खळग्यांमध्ये) तीन वेगळे आलेख येतात. आमचे काही चुकते आहे का?

थोडा फरक नैसर्गिक आहे, कारण पहिले बीज कधी बनेल हे काही अंशी योगायोगावर अवलंबून असते. परंतु तासच्या तास फरक पडत असेल तर सुरुवातीचे द्रावण तपासावे. कोरड्या भुकटीत आधीच बनलेले लहान गोळे असतात. ते तसेच राहिले तर प्रत्येक वेलमध्ये वेगवेगळ्या संख्येने बीजे जातात. म्हणून प्रथिन आधी तीव्र ग्वानिडीनमध्ये (प्रथिनांच्या घड्या उलगडणाऱ्या रसायनात) विरघळवून, आकारमानानुसार गाळणाऱ्या स्तंभातून केवळ सुटे रेणू वेगळे काढणे हा सर्वांत विश्वासार्ह मार्ग आहे, आणि हा टप्पा वाचवण्याचा मोह टाळावा. त्याखेरीज प्रथिन न चिकटणारी प्लेट वापरावी, बाष्पीभवन रोखण्यासाठी ती सीलबंद करावी आणि कडेच्या वेलमध्ये केवळ बफर भरावे.

सोलापूरच्या परिस्थितीत आणखी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. एप्रिल-मेमध्ये येथील पारा ४० अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे ‘कक्षाच्या तापमानाला’ केलेला जानेवारीतला आणि मेमधला प्रयोग हे दोन वेगळे प्रयोग असतात; प्लेट ३७ अंशांवर स्थिर ठेवावी, आणि वीज मध्येच गेली तर ते वाचन जोडून न घेता प्रयोग पुन्हा करावा, कारण हलवणे थांबले की वेगही बदलतो. दुसरी गोष्ट पाण्याची. तांबे आणि जस्त यांचे अल्प प्रमाणही बीटा-अमायलॉइडचे एकत्र येणे बदलते, म्हणून साध्या आरओच्या पाण्यावर न थांबता अतिशुद्ध पाणी वापरावे.

८. चमक वाढली म्हणजे तंतू तयार झालेच, असे लिहिता येईल का?

एवढ्या पुराव्यावर लिहू नये. थायोफ्लेविनचे फिरणे थांबवणारी कोणतीही गोष्ट त्याला चमकवते: ग्लिसरॉलसारखे घट्ट द्रव, साबणासारख्या रेणूंचे पुंजके, डीएनएच्या काही रचना, काही प्रथिनांमधले खळगे. नमुना गढूळ झाला तर विखुरलेला प्रकाशही उपकरणाला चमक भासू शकतो. याशिवाय काही परिस्थितींत हा रंग स्वतःच तंतूनिर्मितीची गती बदलतो, असेही आढळले आहे.

म्हणून प्रथिनाशिवाय रंग, रंगाशिवाय प्रथिन आणि दोन्हींशिवाय बफर ही तीन नियंत्रणे (तुलनेसाठीचे नमुने) प्रत्येक प्लेटवर असलीच पाहिजेत. शेवटी किमान एका वेगळ्या पद्धतीने खात्री करावी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काही नॅनोमीटर जाडीचे, फाटे नसलेले लांब तंतू दिसले तर शंका उरत नाही. ते उपकरण आपल्याकडे नसेल तर नमुने मोठ्या संस्थेत पाठवावेत. चमकीचा एकटा आलेख छापण्यापेक्षा निकालासाठी थांबणे चांगले.

९. हळदीतील कर्क्युमिन घातल्यावर चमक एकदम खाली आली. म्हणजे कर्क्युमिन तंतू बनणे थांबवते ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. सांगलीची हळद आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे आणि तिच्याविषयीचा विश्वास जुना आहे, त्यामुळे या निकालाने विद्यार्थी आनंदतात हे समजण्यासारखे आहे. तरीही या आलेखावरून तो निष्कर्ष निघत नाही.

कर्क्युमिन स्वतः पिवळा रंग आहे. तो सुमारे ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जोरात शोषतो, आणि थायोफ्लेविनला उद्दीपित करण्यासाठी आपण टाकतो तो प्रकाश नेमका याच पट्ट्यात येतो. परिणामी थायोफ्लेविनपर्यंत प्रकाश कमी पोहोचतो. शिवाय कर्क्युमिन तंतूलाही चिकटतो, तिथे थायोफ्लेविनची ऊर्जा खेचून घेऊ शकतो आणि स्वतः वेगळ्या रंगात चमकतो. तंतू जसेच्या तसे असतानाही आलेख खाली येण्यास एवढी कारणे पुरेशी आहेत. हाच इशारा अनेक वनस्पतिजन्य पॉलिफेनॉलना लागू होतो, मग ते चहातले असोत किंवा लाल द्राक्षांतले.

पडताळणी अशी करावी. पूर्ण तयार झालेल्या तंतूंमध्ये थायोफ्लेविन घालून वाचन घ्यावे, मग कर्क्युमिन घालून एका मिनिटात पुन्हा घ्यावे. तयार तंतू एका मिनिटात विरघळण्याची शक्यता फारशी नसते. चमक तेवढ्यात कोसळली तर तो प्रकाशाचा हस्तक्षेप समजावा. त्यानंतर रंग न घालता प्रयोग चालवून शेवटी नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवावा आणि वर उरलेल्या द्रवात किती सुटे प्रथिन आहे ते मोजावे. तंतू खरोखर थांबले असतील तर ते प्रमाण नियंत्रणापेक्षा जास्त येईल.

आणखी एक अडचण अशी की ३७ अंशांवर, पीएच ७.४च्या फॉस्फेट बफरमध्ये कर्क्युमिनचा बहुतांश भाग अर्ध्या तासात विघटित होतो, त्यामुळे दोन दिवसांच्या प्रयोगात शेवटी नळीत नेमके काय उरले होते हा प्रश्न राहतोच. अल्झायमरच्या रुग्णांवर झालेल्या छोट्या चाचण्यांत कर्क्युमिनचा स्पष्ट लाभ दिसलेला नाही. याचा अर्थ कर्क्युमिन या क्षेत्रात निरुपयोगी आहे असा नाही: त्याच्या रचनेत बदल करूनच क्रॅनॅड-२ हा अवरक्ताजवळच्या प्रकाशात चमकणारा, २००९ मध्ये मांडला गेलेला प्रोब बनवला गेला.

१०. याच्या उलट घडले: सूक्ष्मदर्शकात तंतू आहेत, पण चमक नाही. असे कसे?

पहिला संशय पीएचवर घ्यावा. तीव्र आम्लात थायोफ्लेविनही धनभारित असतो आणि प्रथिनही, त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. अल्कली वाढली तर रंगाचा रेणूच हळूहळू बिघडतो. दुसरा संशय रंगाच्या द्रावणावर घ्यावा: ते गाळलेले, ताजे आणि अंधारात ठेवलेले असावे. चाचणीसाठी घातलेला रेणू त्याच खाचांत बसून थायोफ्लेविनला जागाच देत नाही, असेही होते.

हे सर्व तपासूनही चमक नसेल तर तंतूचे रूपच वेगळे असू शकते. एकच प्रथिन वेगवेगळ्या परिस्थितीत वेगळ्या घड्या घालते, प्रत्येक रूपाच्या खाचा वेगळ्या असतात आणि त्यांत बसलेला रंग कमी-अधिक उजळतो. म्हणूनच दोन वेगळ्या प्रथिनांची, किंवा एका प्रथिनाच्या दोन उत्परिवर्तित रूपांची चमक शेजारी ठेवून ‘याचे तंतू दुप्पट झाले’ असे म्हणता येत नाही. वेळ आणि वेग यांची तुलना करता येते. उंचीची तुलना करण्याआधी तंतूंचे वस्तुमान स्वतंत्रपणे मोजावे लागते.

११. रोगात ऑलिगोमर अधिक घातक असतात असे वाचले. ते या रंगाने दिसतात का?

फारसे नाही. ऑलिगोमर म्हणजे थोड्या रेणूंचे लहान, अनियमित पुंजके, ज्यांत लांब खाचा अजून घडलेल्या नसतात. त्यांच्या पाणी टाळणाऱ्या पृष्ठभागावर एएनएस, बिस-एएनएस किंवा नाइल रेड हे रंग चमकतात, पण हे रंग अर्धवट उलगडलेल्या कोणत्याही प्रथिनावरही चमकतात. ऑलिगोमरविषयी बोलायचे असेल तर रंगाच्या जोडीला प्रतिपिंडे (ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिने) किंवा आकारमान मोजणारी पद्धत हवीच.

१२. टाऊसाठीही थायोफ्लेविन टी चालतो का?

चालतो, परंतु शुद्ध टाऊ पाण्यात सहज विरघळलेला राहतो आणि त्याचे तंतू बनवण्यासाठी बहुधा हेपरिनसारखा ऋणभारित रेणू घालावा लागतो. रुग्णाच्या मेंदूतून काढलेल्या टाऊ-तंतूंची रचना २०१७ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने (नमुना गोठवून पाहणाऱ्या) उलगडली. हेपरिनने बनवलेले तंतू त्यांच्याशी जुळत नाहीत, हे २०१९ मध्ये स्पष्ट झाले. चमक दोन्हींना असते. त्यामुळे नळीतल्या टाऊवर प्रभावी ठरलेला रेणू मेंदूतल्या टाऊवर चालेलच असे गृहीत धरू नये. तंतूंची रूपे वेगळी ओळखायची असतील तर थायोफीनच्या (गंधकयुक्त वलयांच्या) साखळीवर आधारलेले लवचीक प्रोब उपयोगी पडतात, कारण ज्या खाचेत ते बसतात तिच्यानुसार त्यांच्या प्रकाशाचा रंग बदलतो.

१३. माझ्या आईला विसरभोळेपणा आहे. असा रंग टोचून तिच्या मेंदूतले तंतू पाहता येतील का?

प्रकाशाने नाही. दृश्य प्रकाश कवटीच्या आरपार जात नाही आणि थायोफ्लेविन टी धनभारित असल्याने रक्तातून मेंदूत नीट पोहोचतही नाही. उंदरांवर अवरक्ताजवळच्या प्रकाशाचे प्रोब वापरतात, परंतु माणसासाठी मार्ग वेगळा निघाला. पिट्सबर्ग येथील क्लंक आणि मॅथिस यांनी थायोफ्लेविनच्या रेणूतला धनभार काढून त्यात किरणोत्सारी कार्बन-११ बसवला, म्हणजे तो मेंदूत कुठे चिकटला हे बाहेरून पेट स्कॅनने टिपता येते. या रेणूने केलेला रुग्णांचा पहिला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्बन-११चे अर्धायुष्य केवळ २० मिनिटे असते, म्हणून पुढे ११० मिनिटांचे फ्लोरिन-१८ वापरणारे रेणू आले. सुताच्या एका पिवळ्या रंगापासून पेट स्कॅनपर्यंतचा हा प्रवास मला या शास्त्रातला सर्वांत सुंदर धागा वाटतो.

आईंच्या बाबतीत मात्र सुरुवात स्कॅनपासून करू नये. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु प्रत्येक विसरभोळेपणा अल्झायमर नसतो. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य आणि काही औषधे यांमुळेही स्मरणशक्ती मंदावते, आणि त्यांवर उपाय असतात. मेंदूविकारतज्ज्ञांना आधी दाखवावे. स्मरणशक्ती शाबूत असलेल्या अनेक वृद्धांच्या मेंदूतही अमायलॉइड आढळते, म्हणून स्कॅनचा अर्थ लक्षणांसोबतच लावावा लागतो.

१४. मग रक्ताच्या नमुन्यात थायोफ्लेविन घालून अल्झायमर ओळखणारी स्वस्त चाचणी का बनवत नाहीत?

रक्तातील बीटा-अमायलॉइड अत्यल्प, मिलिलीटरला पिकोग्रॅमच्या प्रमाणात असते आणि ते तंतूंच्या रूपात नसते. उलट रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन भरपूर असते आणि तेच प्रोबला भुलवते (प्रश्न ८ पाहा). म्हणून रक्तचाचण्या प्रतिपिंडांवर आधारलेल्या आहेत. टाऊच्या एका फॉस्फेटयुक्त रूपाचे बीटा-अमायलॉइडशी गुणोत्तर पाहणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये मान्यता दिली.

एका अपवादात्मक ठिकाणी मात्र थायोफ्लेविन टी थेट निदानात वापरला जातो. प्रायॉनमुळे (चुकीची घडी पडलेल्या आणि ती इतर रेणूंनाही लावणाऱ्या प्रथिनामुळे) होणाऱ्या क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगात रुग्णाच्या पाठीच्या मणक्यातील द्रवाचा थेंब सुट्या प्रायॉन प्रथिनाच्या द्रावणात घालून ते हलवत ठेवतात. द्रवात रोगाची बीजे असतील तर ती नव्या रेणूंना तंतूंत ओढतात आणि काही तासांत चमक चढते. प्रश्न ६ मधील बीज घालण्याचा प्रयोग येथे निदानाचे साधन बनतो. पार्किन्सनमधील अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनासाठीही हीच पद्धत विकसित झाली आहे. बीटा-अमायलॉइड आणि टाऊ यांच्यासाठी ती अधिक अवघड ठरते. बीटा-अमायलॉइड बीज नसतानाही आपोआप तंतू बनवू लागते, त्यामुळे निरोगी नमुन्यातही उशिराने का होईना चमक येतेच, आणि टाऊला मेंदूतल्यासारखी घडी घालायला लावण्यासाठी द्रावणातील क्षार आणि टाऊचा योग्य तुकडा काळजीपूर्वक निवडावा लागतो.